धडगावची काच

काच स्वतःहून खराब होत नाही. हे विधान मी शहाद्याच्या कुठल्याही चौकात, माइकशिवाय करायला तयार आहे. इंडक्शन शेगडीची काळी काच खोक्यातून बाहेर येते तेव्हा तिच्यावर एकही रेघ नसते. रेघा माणसं पाडतात. रोज पाडतात, प्रेमाने पाडतात, आणि मग दुकानात येऊन विचारतात की तुमची काच अशी कशी निघाली.

मी शहाद्याला भंवरशेठ यांच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात काम करते. एसटी स्टँडवरून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर दुकान आहे. शेठ विकतात, मी दुरुस्त करते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. दुकानात घेताना शेठनी मला घेण्याचं कारण मोकळेपणाने सांगितलं.

"मिस्त्री किचनमध्ये गेला का घरच्या बाया पदर घेऊन बाहेर उभ्या राहतात. मग बिघाड सांगणार कोण? नवरा? त्याला तर शेगडी कुठे ठेवलीये तेच माहीत नसतं."

हे कारण मला तत्त्वतः मान्य नव्हतं. व्यवहारात मात्र ते खरं निघालं. या जिल्ह्यातली जितकी स्वयंपाकघरं मी आतून पाहिली आहेत, तितकी मतं मागणाऱ्यांनीही पाहिलेली नाहीत. ते ओट्यापर्यंत येत नाहीत.

तत्त्वांचा विषय निघाला म्हणून सांगते. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात गव्हाच्या कोठीशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि पाहुणे आले की त्यांना त्यावरच बसवायचे. बरोबरीची पोरं 'कमळ' वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. त्यामुळे आजही काहीही समजावून सांगायचं म्हटलं की मला आधी मथळा लागतो, मग मागण्या आणि शेवटी आवाहन. दुकानात स्थिरावल्यावर मी पहिलं काम केलं ते पत्रक काढण्याचं. मथळा होता, 'काचेवरील अत्याचार थांबवा'. शेठनी ते स्वखर्चाने छापून दिलं, फक्त 'अत्याचार' काढून 'ओरखडे' घातलं. प्रत्येक खोक्यात एक पत्रक जाऊ लागलं. पुढे ज्या ज्या घरी मी गेले तिथे ते फडताळात डब्यांखाली अंथरलेलं दिसलं. कागद चांगला होता, हे सगळ्यांनी मान्य केलं.

मला इथे सांगायचं आहे ते धडगावच्या एका काचेबद्दल. त्या काचेवर एका बाईची बसायची जागा टिकून होती. पण ती गोष्ट कळायला धंद्यातल्या दोन गोष्टी आधी माहीत हव्यात, आणि त्या मी दोन म्हाताऱ्यांकडून शिकले.

पहिली म्हातारी प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वस्तीतली. केळीवाल्या पाटलांचं घर, ओटा ग्रॅनाइटचा, त्यावर आमची शेगडी. तक्रार अशी होती की काच आंधळी झाली. मी जाऊन पाहिलं तर खरंच आंधळी झाली होती. काळ्या काचेचा पांढुरका धुरकट पत्रा झाला होता आणि आकडे दिसत नव्हते. सून कुठलंही बटण अंदाजाने दाबत होती.

"कशानी घासतस व ही?" मी विचारलं.

सुनेने सासूकडे पाहिलं. सासू पाटावर बसून कांदे चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"राख शे, तार शे. आखो कशानी घासतस?"

"आजी, काच शे ती."

"चूल शे नं? मंग घासनी पडस. पोतारा घाल्याबिगर चूल सोडी देवानी का रातले?"

सून हळूच म्हणाली, "मी सांगं व ताई. आत्याबाई ऐकतस नही."

"तू सांगं, पन तू काय सांगं?" सासू म्हणाली. "म्हने, वल्ला फडका फिराई द्या. फडका फिराईसन लक्ष्मी ऱ्हास का घरमा?"

त्या बाईने आयुष्यभर रात्री चूल सारवल्याशिवाय अंथरुणाला पाठ लावली नव्हती. मातीच्या चुलीला रोज पोतारा घातला तर ती नवी होते. काचेला रोज राख आणि तार लावली तर ती जुनी होते. दोन्हीकडे कष्ट तेवढेच. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, मग अशी चूल काय कामाची, जी सेवा केली की बिघडते? 

तर पहिली गोष्ट ही: काचेला खरखरीत काही लावायचं नाही. तार नाही, राख नाही, विटेची पूड नाही, हिरवी घासणीसुद्धा नाही. शेगडी बंद करायची, काच निवू द्यायची, ओलं सुती फडकं फिरवायचं आणि कोरड्याने पुसायचं. उतू गेलेलं दूध किंवा वरण करपून बसलं असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थापायचा, वर ओलं फडकं झाकायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. पापुद्रा मऊ पडतो. तरीही राहिलाच तर दाढीचं ब्लेड पट्टीत धरून, काचेवर जवळजवळ आडवं ठेवून पुढे सरकवायचं. ब्लेड उभं धरलं की रेघ पडलीच. अपवाद फक्त गूळ-साखरेचा. चिक्कीचा पाक सांडला तर तो निवेपर्यंत थांबायचं नाही. शेगडी बंद करून, हात सांभाळून, गरम असतानाच खरवडायचा. निवला की तो काचेचा टवका घेऊन निघतो. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं.

दुसरी म्हातारी भंवरशेठची आई. त्यांना सगळे दादीजी म्हणतात. कुटुंब राजस्थानातून आलेलं, जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारं. त्यांच्याकडे दुकानातली सगळ्यात जुनी शेगडी आहे. एकदा तिचा पंखा आवाज करतो म्हणून शेठनी मला घरी पाठवलं. मी काचेकडे पाहिलं आणि पंखा विसरले. काचेत माझा चेहरा दिसत होता. इतकी वर्षं वापरलेल्या काचेवर एकही ओरखडा नाही, हे माझ्या सगळ्या अनुभवाच्या विरोधात होतं.

"दादीजी, ही बदलून घेतली का?"

"बदलायची कशाला? फुटली आहे का?"

"मग वापरत नाही का तुम्ही?"

"सकाळचं सगळं हिच्यावर होतं. थांब, बघ."

त्यांनी खुंटीवरची पुंजणी काढली. मऊ दोऱ्यांची छोटी कुंचली असते ती. चूल पेटवण्याआधी तिने चूल हळुवार झाडायची, एखादी मुंगी, एखादा किडा असेल तर तो जिवानिशी बाजूला व्हावा म्हणून. दादीजींनी काच झाडली, पातेल्याचं बूडही झाडलं, मग पातेलं वरून अलगद ठेवलं.

"दादीजी, हे पेटत नाही. यात जाळ नसतो."

"जाळ नसतो तर गरम कसं होतं?"

"करंटने."

"मग करंट लागला तर मुंगी मरत नाही?"

मी पंख्याचे स्क्रू काढायला घेतले.

पण त्या दिवशी मला जे हवं होतं ते मिळालं. माझा समज होता की काचेला ओरखडे भांडं पाडतं. तसं नसतं. स्वच्छ काचेवर स्वच्छ स्टीलचं पातेलं सरकवलं तरी सहसा काही होत नाही. ओरखडा पाडतो तो मधला कण. भाजीतली माती, सांडलेलं मीठ, दारातून उडून आलेली रेती. दादीजी मुंग्या वाचवत होत्या आणि मुंग्यांबरोबर काच वाचत होती. मी पत्रकाची सुधारित आवृत्ती काढली: 'आधी झाडा, मग मांडा'. हीसुद्धा फडताळात गेली.

आता धडगाव.

शहाद्याहून घाट चढून वर गेलं की धडगाव येतं. तालुक्याच्या सगळ्या कचेऱ्या तिथे. त्यातल्या एका कचेरीच्या व्हरांड्याच्या टोकाला रुमलीबाईंचं काउंटर होतं. भाकरी, डाळ, मिरचीचा ठेचा, चहा. रुमलीबाई पावरा समाजातल्या, गाव जवळच्याच डोंगरातलं. घरी पावरी बोलतात, माझ्याशी जमेल तशी मराठी. समोर कलेक्टर आला तरी त्याला 'तू'च म्हणतील. पावरीत असंच बोलतात, हे ज्याला माहीत नाही तो आधी दचकतो आणि नंतर जेवतो.

त्याआधी त्या जीपच्या थांब्यावर टोपली घेऊन बसायच्या. जीप मागे घेताना प्रत्येक ड्रायव्हर सांगायचा, "बाई, ऊठ." पोलीस यायचा, "ऊठ." पाऊस यायचा, तो न सांगताच उठवायचा. कचेरीचं काउंटर मिळालं तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला, ते त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. "इथे मला कोणी ऊठ म्हणत नाही."

पण अट होती. काउंटरच्या भिंतीपलीकडे जुन्या कागदपत्रांची खोली. त्यामुळे जाळ चालणार नाही. गॅस नाही, स्टोव्ह नाही, चूल तर नाहीच. फक्त इंडक्शन. कचेरीचे साहेब आगीला घाबरणारे होते. त्यांच्या आधीच्या नेमणुकीच्या गावी म्हणे कागदांना आग लागली होती आणि उत्तरं यांना द्यावी लागली होती. त्यामुळे माणूस वाईट नव्हता, नुसता पोळलेला होता.

आमच्याकडून घेतलेल्या रुमलीबाईंच्या शेगडीची काच तडकली तेव्हा साहेबांनी सांगितलं, "एकदा बदलून घ्या. पुन्हा काही झालं तर हे बंद करू आणि पाकिटातल्या खाऊचं मशीन बसवू."

मी गोधडीत गुंडाळलेली नवी काच मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

"बाळ आहे का ताई?"

"काच आहे."

"मग हळू घेतो."

बाळ असतं तर त्याने वेग कमी केला नसता, हे मी नेहमीच्या अनुभवावरून सांगते.

जुनी काच काढून मी उजेडात धरली. ती फुटण्याआधी छळली गेली होती. गोल गोल रेघा, एकीवर एक, शेताची आडवी-उभी नांगरट करावी तशा. ओरखडा म्हणजे तडा नव्हे, पण तडा कुठून सुरू व्हायचं ती जागा शोधतच असतो. मी विचारलं, राख लावता का? नाही म्हणाल्या. तार? नाही. ओल्या फडक्याने पुसते, तू फोनवर सांगितलं तसंच. खोटं बोलणाऱ्या बाईचा आवाज मला ओळखू येतो आणि हा तो नव्हता.

मग मी डाळीचं पातेलं उचलून उलटं धरलं. बुडाला करडा, खरखरीत, वाळलेला थर होता.

"हे काय?"

"लेप."

"कसला?"

"राखेचा. माती पण आहे थोडी." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "चुलीवर ठेवायच्या आधी लावतात बाई. काजळी धरत नाही. तुझी आई लावत नाही?"

रुमलीबाई डाळ रोज पहाटे घरी चुलीवर शिजवायच्या. पातेलं डोक्यावर घेऊन यायच्या आणि इथे गरम करायला काचेवर ठेवायच्या. चुलीवर भांडं चढवायचं तर बुडाला लेप देणं ही आपल्याकडच्या शहाण्या बाईची खूण. जी देत नाही तिची भांडी काळीकुट्ट होतात आणि पाणवठ्यावर तिला बोलणी बसतात. म्हणजे ही चूक आळशी बाईच्या हातून झालीच नसती. ती करायला नीटनेटकी बाईच लागते.

दुकानाच्या भाषेत याला 'ग्राहकाची चूक' म्हणतात आणि मग काच वॉरंटीत मिळत नाही. मी शेठना फोन लावला आणि सांगितलं की मी हे ग्राहकाची चूक म्हणून नोंदवणार नाही.

"मग कोणाची चूक म्हणायची? काचेची?"

"आपली. आपण चुलीवाल्यांना चूल म्हणून हे विकतो आणि चुलीचं काय करू नये ते सांगत नाही."

"पत्रकात आहे ना."

"पत्रकात तार आहे, राख आहे. लेप नाही. आणि पत्रक मराठीत आहे."

"मग काय पावरीत छापू?"

"हो."

शेठनी फोन ठेवला. ते चिडले की फोन ठेवतात आणि पटलं तरी फोन ठेवतात. त्यामुळे मी नेहमी दुसरं गृहीत धरते. काच बसवली.

रुमलीबाईंना मी सगळं पुन्हा सांगितलं. हात लावून, करून दाखवून, आणि मला वाटतं जरा भाषणाच्या सुरात. लेपाचं भांडं इथे आणायचं नाही. डाळ कच्ची आणायची, इथेच शिजवायची. आधी झाडायचं. भांडं उचलून ठेवायचं. दारातून रेती येते, ती आपली शत्रू. यावर एकही ओरखडा पडता कामा नये. त्या दर वाक्याला मान डोलावत होत्या. मी शिकवलेलं इतकं मन लावून कोणी ऐकलेलं मला आठवत नाही. घाट उतरताना मी खुश होते.

त्यानंतर काही दिवसांनी दुसऱ्या एका कामासाठी धडगावला गेले. दुपारच्या जेवणाआधी काउंटरवर डोकावले. काच पाहिली. कोरी. दादीजींच्या काचेच्या वरताण. कडेला गवताची मऊ कुंचली ठेवलेली, त्यांनी स्वतः बांधलेली. अर्ध्या काचेवर धुतलेलं पांढरं फडकं. माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत माझं इतकं शब्दशः कोणी ऐकलं नव्हतं.

"बस बाई, खा," रुमलीबाई म्हणाल्या. "रोज साहेब ताट खोलीत मागवतो, आज इथे जेवणार. म्हणतो, माझ्यासमोर शिजव. त्याला वास येतो म्हणे."

"कसला वास?"

त्यांनी झाकलेल्या डब्यातून भाकरीवर डाळ वाढून दिली. मी घास घेतला. डाळ सुरेख होती. दुसऱ्या घासाला हात थांबला.

डाळीला धुराचा वास होता.

इंडक्शनवर शिजलेल्या डाळीला जगातला कुठलाही वास येऊ शकतो, धुराचा येत नाही. मी ताट खाली ठेवलं, काचेवर तळवा टेकवला. गार. व्हरांड्याला वळसा घालून मागे गेले. कागदांच्या खोलीच्या भिंतीला लागूनच तीन दगड होते, दगडांमध्ये निखारे आणि निखाऱ्यांवर राखेचा लेप दिलेलं पातेलं. वर खिडकी होती. खिडकीच्या जाळीतून फायलींची सुतळी बाहेर लोंबत होती.

मी आयुष्यात बऱ्याच घोषणा दिल्या आहेत. त्या क्षणी मी कोपऱ्यातली बादली उचलली. पाणी ओतलं. निखारे फुसफुसले, वाफ खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. रुमलीबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडले. "याच्यासाठीच तर ती शेगडी दिलीये!"

"ती काच आहे."

"काच आहे म्हणजे? शिजवायलाच आहे ती!"

"तूच सांगितलं, एक पण ओरखडा नको. साहेब म्हणतो, पुन्हा काही झालं तर बंद." त्या शांतपणे बोलत होत्या, लहान मुलाला सांगावं तसं. "मी पहिल्या दिवशी डाळ ठेवली. ओरखडा पडला का बघायला सारखी उचलली. मग चहा ठेवला, उतू जाईल म्हणून सारखी बघत बसले. गिऱ्हाईक निघून गेलं. मग म्हटलं, ठेवूच नये. नाही ठेवलं तर ओरखडा कसा पडेल? रोज झाडते. पुसते. झाकते. साहेब येतो, बघतो, म्हणतो, छान."

"आणि हे दिसलं असतं तर?"

"तर ऊठ म्हणाला असता." त्यांनी विझलेल्या दगडांकडे पाहिलं. "काच फुटली असती तरी ऊठच म्हणाला असता. दगड फुटत नाहीत म्हणून दगड घेतले."

 मला चर्चेत हरायची सवय नाही. पण त्यांच्या हिशेबात चूक काढता येत नव्हती. कोरी काच ठेवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय त्यांनी शोधून काढला होता, तो माझ्या सुधारित आवृत्तीतही नव्हता.

साहेबांच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अजून वेळ होता, पण फार नव्हता. मी मागचे कोळसे आणि लेपाचं पातेलं गोणपाटाखाली झाकलं, स्वच्छ बुडाचं पातेलं काढलं, डाळ धुतली, पाणी घातलं, मीठ-हळद घातली, काचेवर ठेवलं आणि बटण दाबलं. रुमलीबाई दोन हात लांब उभ्या राहिल्या. पदर तोंडाशी. पाणी थोडं खदखदलं की त्या पुढे होत, पातेलं उचलून धरत. पातेलं उचललं की शेगडी टिंटिं करून बंद पडे. पुन्हा ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या. अशाने डाळ शिजणार नव्हती. साहेब येऊन बघणार होते ते एवढंच, की या बाईला ही शेगडी वापरता येत नाही. मग वास कुठून येतो, हा पुढचा प्रश्न त्यांना आपोआप पडला असता.

मी पातेलं उचलून बाजूला ठेवलं. व्हरांड्याच्या पायरीवरून चिमूटभर रेती आणली, काचेच्या पुढच्या भागावर टाकली, त्यावर स्टीलची वाटी ठेवली, आणि दाबून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढली.

जो आवाज झाला तो ज्यांच्या दातांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.

फडक्याने रेती पुसली. काळ्या काचेवर पांढरी, लांब, ठळक रेघ. माझ्या हातून पडलेला हा एकमेव ओरखडा, आणि कामाची सफाई पाहता तो चांगला जमला होता.

रुमलीबाईंनी माझ्या मनगटावर फटका मारला. खरा, आईचा.

"येडी झाली का तू! अगं, काच!"

"पडला ओरखडा."

"तू पाडला!"

"हो. काच फुटली का?"

त्यांनी वाकून पाहिलं. बोट फिरवलं. पुन्हा पाहिलं. "नाही."

"शेगडी बंद पडली का?"

"नाही."

"मग आता सांभाळायला काय राहिलं? ठेवा पातेलं."

 मला वाटलं आता रडतील, पण त्या हसल्या. आधी नाकातून, मग तोंडावरचा पदर सोडून. "तुझा शेठ तुला पगार कशाचा देतो गं?" म्हणाल्या, आणि पातेलं उचलून काचेवर ठेवलं. ते ठेवणं पाहायला हवं होतं. उचलाउचल नाही, काही नाही. चुलीवर ठेवावं तसं. फक्त ठेवायच्या आधी कुंचली फिरवली. मग पाठ फिरवून पीठ मळायला घेतलं. डाळ उकळली, झाकण उडालं, थोडी काचेवर सांडली. त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

साहेब आले ते भाकरी तव्यावर असताना. लोखंडी तवा, सपाट बुडाचा. त्यांनी काउंटरखाली पाहिलं, मागच्या बाजूला जाऊन आले, ओले दगड पायाने चाचपले. परत आले तेव्हा माझ्याकडे बघत होते.

"मागे पाणी कोणी ओतलं?"

"मी. बादली कलंडली."

यातलं अर्धं खरं होतं. साहेबांनी ओले बूट पायरीला पुसले. मग काचेवर वाकले.

"नवी काच ना ही? ओरखडा कसला?"

मी तोंड उघडलं. वॉरंटी, जबाबदारी, सगळं मुद्देसूद तयार होतं. रुमलीबाईंनी भाकरी उलटली.

"वापरते साहेब," त्या म्हणाल्या. "बस. गरम आहे."

साहेब बसले. भाकरी मोडली, डाळीत बुडवली, खाल्ली. आणखी एक घास घेतला. चेहऱ्यावर काहीतरी शोधल्यासारखा भाव आला. आम्ही दोघी त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

"डाळ चांगली आहे," ते म्हणाले. "पण परवाची जास्त छान होती. परवा काहीतरी वेगळीच चव होती. आज ती नाही."

रुमलीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"उद्या लसूण जास्त टाकते साहेब," त्या म्हणाल्या.

'उद्या' या शब्दाला साहेबांनी हरकत घेतली नाही. त्यांनी ताट पुढे केलं आणि अजून डाळ मागितली.